दिसलं नाही, तर उतरायचं नाही

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

कुणी भाकरी टाकता टाकता ऐकत असेल, कुणी गोठ्यात असेल, कुठं गटाची बैठक भरली असेल आणि मधोमध मोबाइल ठेवून सगळ्या मिळून ऐकत असाल. जिथं असाल तिथूनच ऐका.

आज मी विमानतळाबद्दल बोलणार आहे. हसू नका. आपल्या वाशीम जिल्ह्यात विमान उतरत नाही, हे मलाही ठाऊक आहे. डोक्यावरून विमान गेलं की लेकरं अंगणात धावतात, एवढाच आपला आणि विमानाचा संबंध. पण मी एकदा विमानात बसले, आणि त्या विमानानं मला जिथं न्यायचं तिथं न नेता परत आणून सोडलं. त्या दिवशी मला फार राग आला होता. पुढं जे कळलं, ते कळल्यावर राग गेला. आणि त्यातून आमच्या गटानं एक ठराव केला. तो ठराव काय, ते शेवटी सांगते. आधी विमानाचं ऐका, म्हणजे ठराव का केला ते समजेल.

माझी धाकटी लेक सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळला दिली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला लांबचा प्रवास करू नको म्हणून सांगितलं. मग मीच जायचं ठरलं. तारीख जुलैमधली होती. इकडं आमची पेरणी उरकली, आणि जून संपता संपता जावयांचा फोन आला. म्हणाले, "आई, दवाखान्यात दाखल केलंय. जमेल तेवढ्या लवकर या."

मी एसटीनं अकोल्याला गेले, तिथून रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. मुंबईला माझा भाचा असतो. तो म्हणाला, "आत्या, कोकणच्या गाडीचं आजचं तिकीट मिळत नाही. विमानाचं मिळतंय. सव्वा-दीड तासात उतरशील." मी आयुष्यात विमान जवळून पाहिलं नव्हतं. पण लेक तिकडं वेणा देत होती. मी म्हटलं, "काढ बाप्पा तिकीट."

आता हे सिंधुदुर्गचं विमानतळ कुठं आहे ते सांगते. वेंगुर्ला तालुक्यात परुळे आणि चिपी ही गावं आहेत. तिथल्या सड्यावर ते बांधलं आहे. सडा म्हणजे कोकणातलं कातळाचं उघडं पठार. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी ते सुरू झालं. धावपट्टी अडीच किलोमीटर लांब. पश्चिमेला थोड्याच अंतरावर अरबी समुद्र, आणि पूर्वेला सह्याद्रीची भिंत. मी ज्यात बसले ते विमान पंख्याचं होतं, साधारण सत्तर माणसांचं. एटीआर म्हणतात त्याला.

मुंबईहून निघालो. तासाभरानं विमान खाली येऊ लागलं. खिडकीतून नुसता पांढरा कापूस. मध्येच एखादी फट पडली की खाली हिरवं दिसायचं, माड दिसायचे, आणि पुन्हा सगळं बंद. मी देवाचं नाव घेत होते. आता टेकणार, आता टेकणार असं वाटत असताना इंजिनाचा आवाज एकदम वाढला आणि विमान वर उचललं गेलं. पोटात गोळा आला. मग पायलट बोलले की हवामान ठीक नाही, थोडा वेळ वर थांबू. आम्ही आभाळात घिरट्या घातल्या. पुन्हा एकदा खाली आलो, पुन्हा तसेच वर गेलो. आणि मग सांगितलं, आपण मुंबईला परत जात आहोत.

माझ्या शेजारी एक गृहस्थ होते. ते तावातावानं म्हणाले, "अहो, खाली झाडं दिसत होती! उतरवायला काय झालं?" मलाही अगदी तसंच वाटत होतं. लेक खाली, मी वर, आणि मध्ये एक ढग. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मुंबईत उतरताना तर संताप आणखी वाढला, कारण मुंबईत धो धो पाऊस होता आणि तिथं मात्र विमान खुशाल उतरलं.

दुसऱ्या दिवशी मी रेल्वेनं कुडाळला पोचले. आदल्या संध्याकाळीच नात झाली होती. दोघी सुखरूप होत्या. लेक म्हणाली, "आई, तुझं विमान परत गेलं ना, त्यानंतर थोड्या वेळानं इथं चक्क ऊन पडलं." झालं, माझा राग पुन्हा पेटला.

लेकीच्या शेजारी एक ताई राहायच्या. त्यांनी कितीतरी वर्षं वेगवेगळ्या विमानतळांवर हवामानाच्या नोंदी घेण्याचं काम केलेलं होतं. मी त्यांना हवामानताईच म्हणायची. बाळंतिणीचा शेक झाला, बाळ निजलं, की आम्ही दोघी ओटीवर चहा घेत बसायचो. एक दिवस मी त्यांना सरळ विचारलं, "ताई, ऊन पडणारच होतं, तर दहा मिनिटं थांबायला काय झालं होतं?" त्या हसल्या. म्हणाल्या, "बसा. सांगते."

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते.

विमानतळावर हवामान बघणारं माणूस मुख्यतः चार गोष्टी बघतं. वारा, नजर किती लांब पोचते ते, ढगांची उंची, आणि हवेचा दाब. दर तासाला, बऱ्याच ठिकाणी दर अर्ध्या तासाला ही नोंद होते आणि पायलटपर्यंत जाते. मध्येच हवा बिघडली तर वेगळी खास नोंद पाठवतात.

पहिला वारा. आपण उफणणी करतो तेव्हा वाऱ्याकडं बघून उभं राहतो की नाही? वारा आडवा पाहिजे, म्हणजे कुटार बाजूला उडतं आणि दाणा खाली पडतो. विमानाचं उलटं आहे. विमानाला वारा तोंडावर पाहिजे. विमान तरंगतं ते पंखांवरून हवा जोरात वाहते म्हणून. समोरून वारा येत असेल तर ती हवा आयतीच मिळते, आणि जमिनीवर विमानाचा वेग तेवढा कमी असतो. समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असला तर टेकताना वेग ३० नं कमी. म्हणजे थांबायला जागा कमी लागते. तोच वारा पाठीवरून आला तर वेग तेवढाच वाढतो, आणि धावपट्टी पुरेनाशी होते.

म्हणून धावपट्टी बांधताना तिथं वारा जास्त दिवस कुठून वाहतो ते बघतात. धावपट्टीच्या दोन्ही तोंडांशी मोठे आकडे रंगवलेले असतात. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर एका टोकाला ०९ आहे आणि दुसऱ्या टोकाला २७. त्यापुढं एक शून्य जोडा. ९० अंश म्हणजे पूर्व, २७० अंश म्हणजे पश्चिम. पावसाळ्यात किनाऱ्यावर वारा समुद्राकडून येतो, मग विमान पश्चिमेकडं तोंड करून उतरवायचं. आणि वारा अगदी आडवा आला तर? सायकलवर आडवा झोत लागला की हँडल कसं ओढल्यासारखं होतं, तसंच विमानाचं होतं. प्रत्येक विमानाला किती आडवा वारा चालेल याची मर्यादा ठरलेली आहे. विमानतळावर खांबाला केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा एक कापडी मोजा बांधलेला असतो. तो फुगून आडवा झाला की वारा जोरात, लोंबत राहिला की वारा पडलेला. यंत्रं आहेतच, पण तो मोजा अजूनही लागतो.

दुसरी गोष्ट, नजर किती लांब पोचते. याला दृश्यता म्हणतात. छोट्या विमानतळावर हे कसं बघतात माहीत आहे? कुठली टेकडी किती लांब, कुठला मनोरा किती लांब, पाण्याची टाकी किती लांब, हे आधी मोजून ठेवलेलं असतं. पाच किलोमीटरवरची टेकडी दिसली नाही आणि दोन किलोमीटरवरची टाकी दिसली, तर दृश्यता त्या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी. आपणही धुक्याच्या दिवशी म्हणतो ना, की आज मारुतीच्या देवळाचा कळससुद्धा दिसत नाही. तेच ते, फक्त मोजून केलेलं.

तिसरी गोष्ट, ढग किती उंचावर आहेत. आभाळाचे आठ वाटे करायचे. आठातले निम्म्याहून जास्त वाटे ढगानं झाकले असतील, तर त्या ढगाचा तळ म्हणजे आभाळाचं छत. ते छत किती उंच, यावर सगळं अवलंबून. आपल्याकडं पावसाचे ढग सहसा बरेच उंच असतात. कोकणात पावसाळ्यात समुद्रावरून ओलीचिंब हवा येते आणि किनाऱ्यावरच्या सड्यावर चढते. चढली की थंड होते, थंड झाली की तिचा ढग होतो. म्हणून ढग अगदी सड्याला टेकल्यासारखे असतात. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. आपल्या वाशीमला साधारण त्याच्या चौथाई. आणि पाऊसही वेगळा. आपल्याकडं झड लागली की दिवसदिवस एकसारखी. तिकडं सर येते, दहा मिनिटं काही दिसू देत नाही, निघून जाते, ऊन पडतं, आणि समुद्रावरून दुसरी सर निघालेलीच असते.

चौथी गोष्ट, हवेचा दाब. हे मला सगळ्यांत नवल वाटलं. विमान किती उंचीवर आहे हे पायलटला कसं कळतं? उंची दाखवणारं घड्याळासारखं यंत्र असतं, पण ते खरं तर हवेचा दाब मोजतं. जितकं वर जावं तितका दाब कमी. पण पावसाळी हवेत जमिनीवरचाच दाब उतरतो. मग यंत्राला तो आकडा सांगावा लागतो. दाब मोजायचं जे माप आहे, त्यातला एक आकडा चुकला तर उंची आठ-नऊ मीटरनं चुकते. म्हणजे दोन मजली घराएवढी चूक. ढगात शिरलेल्या माणसाला ती चूक परवडत नाही.

याशिवाय धावपट्टी किती भिजली आहे ते बघतात. ओल्या चिखलात ट्रॅक्टरचं चाक कसं घसरतं, आपण रोज बघतो. धावपट्टीवर पाणी साचलं की ब्रेक लागायला वेळ लागतो. उन्हाळ्यातही अडचण असतेच. तापलेली हवा विरळ होते, मग विमानाला उडायला जास्त धावावं लागतं. किनाऱ्यावर सकाळी वारा पडलेला किंवा जमिनीकडून, दुपारी समुद्राकडून जोराचा, असा तो दिवसातही फिरतो. ऑक्टोबरच्या संध्याकाळी गडगडाट, हिवाळ्याच्या पहाटे धुकं. आणि मे-जूनमध्ये कधी चक्रीवादळ. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा १७ मे रोजी मुंबईचं विमानतळसुद्धा काही तास बंद ठेवलं होतं.

मी म्हटलं, "ताई, हे समजलं. पण मुंबईत पाऊस असताना उतरलोच की आम्ही."

त्या म्हणाल्या, "मुंबईच्या धावपट्टीजवळ अशी यंत्रं आहेत जी विमानाला रेडिओच्या लहरींनी वाट दाखवतात. सरळ ये, थोडं डावीकडं, थोडं खाली. ती यंत्रं असली तर नेहमीच्या पद्धतीत पायलट जमिनीपासून २०० फुटांपर्यंत ढगातून खाली येऊ शकतो. तिथं मात्र त्याला धावपट्टी दिसलीच पाहिजे. लहान विमानतळावर अशी साधनं कमी. जिथं नुसत्या नजरेवर उतरायचं असतं, तिथं साधारण नियम असा, की ढगांचं छत १५०० फुटांच्या खाली नको आणि नजर ५ किलोमीटरपर्यंत पोचली पाहिजे."

२०० फूट कुठं आणि १५०० फूट कुठं. म्हणजे एकच पाऊस, पण एका ठिकाणी चालतो आणि दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. ज्याच्याजवळ साधन कमी, त्यानं जास्त सांभाळून राहायचं. हे ऐकताना मला आपलीच आठवण झाली. आपल्याजवळ तरी साधनं कुठं आहेत?

मग मी माझा मुख्य प्रश्न पुन्हा विचारला. थोड्या वेळानं ऊन पडलं, त्याचं काय? तर त्या म्हणाल्या, आणि हे मी विसरलेले नाही, "वहिनी, ऊन पडलं हे तुम्हाला नंतर कळलं. पायलटला त्या मिनिटाला माहीत नव्हतं. त्याला फक्त एवढंच बघायचं होतं, की ठरलेल्या उंचीवर धावपट्टी दिसते का. दिसली नाही, तर वर. मनाशी वाद घालायचा नाही."

ती उंची आधी ठरवलेली असते, मैत्रिणींनो. जमिनीवर, शांत डोक्यानं, कागदावर. कारण वर ढगात असताना माणसाचं मन फितूर होतं. मागं सत्तर माणसं बसलेली, कुणाची लेक बाळंतीण, कुणाचं लग्न, कुणाची कोर्टाची तारीख. मन म्हणतं, आणखी थोडं खाली जाऊन बघू. झाडं दिसली, आता धावपट्टीही दिसेल. म्हणून तो निर्णय त्या घटकेच्या मनावर सोडलेलाच नाही. आणि परतीची सोयही आधी करून ठेवलेली असते. विमान निघतानाच जास्तीचं इंधन घेतं. ठरलेल्या गावी उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत पोचेल, वर अर्धा-पाऊण तास पुरेल, इतकं. परत फिरणं ही त्यांच्याकडं फजिती नाही. ती आधीच धरून ठेवलेली गोष्ट आहे.

ताईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. २२ मे २०१० रोजी कर्नाटकात मंगळूरला दुबईहून आलेलं विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. १५८ माणसं गेली, फक्त ८ वाचली. त्या दिवशी पाऊसही नव्हता. विमान जास्त उंचीवरून, जास्त वेगानं येत होतं आणि धावपट्टीवर फार पुढं जाऊन टेकलं. चौकशीत निघालं, की शेजारी बसलेल्या दुसऱ्या पायलटनं "वर चला" असं तीनदा सांगितलं होतं. तीनदा. पुढं ७ ऑगस्ट २०२० रोजी केरळात कोझिकोडला तसंच झालं. तिथं मात्र पाऊस होता, वारा पाठीवरून होता. एक प्रयत्न सोडून विमान दुसऱ्यांदा खाली आलं आणि जवळजवळ अर्धी धावपट्टी संपल्यावर टेकलं. विमानात १९० माणसं होती, २१ गेली. त्याही चौकशीत लिहिलं आहे, की दुसऱ्या पायलटनं वर जायला सांगितलं होतं. दोन्ही विमानतळं किनाऱ्याजवळच्या डोंगरमाथ्यावरची, सपाट करून केलेली.

जे गेले त्यांना दोष द्यायला मी हे सांगत नाही. ते तिथं होते, आपण इथं सुखरूप बसून बोलतोय. पण त्यातून विमानवाल्यांनी एक गोष्ट पक्की धरली आहे. दोघांपैकी कुणीही "वर चला" म्हटलं, की विमान वर न्यायचं. म्हणणारा वयानं लहान असो, हुद्द्यानं लहान असो. चर्चा नंतर, जमिनीवर उतरल्यावर.

कुडाळहून मी दीड महिन्यानं परत आले. दिवस गेले, सोयाबीन पिवळं पडलं, सोंगणी सुरू झाली. आणि त्या आश्विनात आमच्या शेजारच्या गावात एक बाई वीज पडून गेली. नाव घेत नाही, घरचे ऐकत असतील. दुपारची वेळ. सोंगलेल्या सोयाबीनची सुडी लावलेली. आभाळ भरून आलं, गडगडायला लागलं. बाकीच्या बाया म्हणाल्या, चला आता. ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. सुडीवर ताडपत्री टाकते न येते." टाकली तिनं ताडपत्री. मग पाऊस आला म्हणून धुऱ्यावरच्या झाडाखाली थांबली. तिथंच वीज पडली.

मी मौतीला गेले होते. तिची सासू एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मी तिले म्हनलं होतं, जाऊ दे माय सुडी. माह्यं ऐकलं नाही." आणि मला एकदम त्या दुसऱ्या पायलटचा आवाज आठवला.

मैत्रिणींनो, ती बाई वेडी नव्हती. भिजलेल्या सोयाबीनला कोंब फुटतात, भाव पडतो, वर्षाची मेहनत मातीत जाते. ताडपत्रीला फक्त पाच मिनिटं लागणार होती. माझ्या विमानाला फक्त एक ढग पार करायचा होता. त्या घटकेला पाच मिनिटं अगदी थोडी वाटतात. म्हणून तो निर्णय त्या घटकेवर सोडायचा नाही.

पुढच्या बैठकीत मी गटात हे सगळं सांगितलं. विमानाचं, मंगळूरचं, सगळं. बाया आधी हसल्या, मग गप्प झाल्या. आणि आम्ही ठराव वहीत पाच गोष्टी लिहिल्या. त्या सांगते.

पहिली गोष्ट. गडगडाट कानावर आला, की काम बंद. पाऊस आला की नाही ते बघायचं नाही. मेघगर्जना ऐकू येते म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते. वीज चमकल्यावर आकडे मोजायला लागायचं. तीन मोजेपर्यंत आवाज आला तर ती एक किलोमीटरवर. तीसच्या आत आला तर ती दहा किलोमीटरच्या आत, म्हणजे आपण आधीच उशीर केला आहे. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा, मगच वावरात परत पाय टाकायचा.

दुसरी गोष्ट. टोळीतली कुणीही "चला" म्हणाली, की सगळ्यांनी निघायचं. सून म्हणाली तरी सासूनं निघायचं. नवी आलेली पोरगी म्हणाली तरी. "भित्री कुठली" असं कुणी म्हणायचं नाही. वाद असेल तर घरी गेल्यावर घालायचा.

तिसरी गोष्ट. कुठं जायचं ते सकाळीच ठरवायचं. विमान जसं दुसरं विमानतळ ठरवून निघतं, तसं. पक्क्या भिंतीचं घर, शाळा, समाजमंदिर, नाहीतर वरून बंद असलेली गाडी. झाड नाही. चारही बाजूंनी उघडं टिनाचं शेड नाही. ट्रॅक्टरवर नाही. विहिरीच्या, तळ्याच्या काठावर नाही. आणि उघड्यावर अडकलोच, तर पाय जुळवून उकिडवं बसायचं, डोकं खाली, एकमेकींपासून लांब. आडवं पडायचं नाही.

चौथी गोष्ट. टोळीत एकीच्या मोबाइलवर ‘दामिनी’ अ‍ॅप ठेवायचं. ते पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं आहे. आपण उभ्या आहोत तिथून २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर ते दाखवतं. शेतीच्या अंदाजासाठी ‘मेघदूत’ अ‍ॅप आहे, त्यात मंगळवारी आणि शुक्रवारी सल्ला येतो. ताडपत्री टाकायची तर तो अंदाज बघून आदल्या संध्याकाळी टाकायची, आभाळ गडगडल्यावर नाही. रेंज नसली तर कान आहेतच.

पाचवी गोष्ट सगळ्यांत अवघड होती. मजुरीची. आपण रोजानं जातो. दोन वाजता काम सोडलं तर मालक म्हणतो, अर्धाच रोज घ्या. मग बाई ढगाकडं बघते आणि मुलाच्या फीचा हिशोब करते. तिथंच पाय अडकतो. विमानात इंधन नसेल तर पायलटला परत कसं फिरता येईल? परत फिरायला काहीतरी गाठीशी लागतं. म्हणून आम्ही हंगामाच्या आधीच गावातल्या शेतकऱ्यांशी बोललो. विजेमुळं काम थांबलं तर रोज पूर्ण द्यायचा, आणि राहिलेले तास आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन भरून काढू. काही जण लगेच हो म्हणाले. काहींनी कुरकुर केली. आम्ही म्हटलं, "भाऊ, तुमच्या घरची लक्ष्मीही आमच्याबरोबर वावरात असते." आता बहुतेक जण मानतात. जे मानत नाहीत त्यांच्याकडं आमची टोळी जात नाही. ज्या बाईचा तरीही रोज बुडतो, तिला गटातून बिनव्याजी शंभर-दोनशे रुपये देतो.

एक गोष्ट ठरावात नाही, पण लक्षात ठेवा. कुणावर वीज पडलीच, तर त्या माणसाला हात लावायला भिऊ नका. त्याच्या अंगात वीज राहत नाही. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध दाब देत राहा, आणि १०८ ला फोन करा. आधी मात्र आपण सुरक्षित जागी आहोत का, ते बघा.

मागच्या हंगामात काय झालं ते सांगून थांबते. आम्ही अकरा जणी सोंगणीला होतो. लांब कुठंतरी एकदा गडगडलं. आमच्यातली सगळ्यांत लहान, नुकतीच लग्न होऊन आलेली, ती घाबरत घाबरत म्हणाली, "चला न व काकू." आम्ही विळे टाकले आणि शाळेत जाऊन बसलो. पाऊण तास बसलो. पाऊस आला नाही, वीज पडली नाही, उलट चांगलं लख्ख ऊन पडलं. परत वावरात आलो तर मालक हसत होता. ती पोरगी ओशाळली. माझ्याकडं बघून म्हणाली, "फुकटच गेला न टाइम."

मी तिला म्हटलं, "नाही माय. ऊन पडलं हे आपल्याला आता कळलं."

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, की वही मिटू नका. एक पान उलटा आणि तुमच्या गावाचा ठराव लिहा. तुमची शाळा कुठं, तुमची टोळी कोणती, मालकाशी कोण बोलणार, तेही लिहा. आणि गटातल्या सगळ्यांत लहान बाईची सही सगळ्यांत आधी घ्या.